घनता म्हणजे संभाव्यता नव्हे



ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत ते आमचे सर विज्ञान शिकवीत. उत्तर बरोबर असले तरी त्यापुढे एकक लिहिलेले नसले, तर ते अर्धा गुण कापीत. 'पाच काय? पाच शेर की पाच कोस?' हा त्यांचा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या कानांत अजून असेल. तो विसरल्याचे फळ मला पुढे मिळाले. भोगावे मात्र ते दुसऱ्याला लागले.

मी तेव्हा बडोद्यातच एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवीत होतो. परीक्षेत मी एक साधे उदाहरण घातले होते. मकरपुऱ्याकडे जाणारी बस दर अर्ध्या तासाने सुटते. वेळापत्रक न पाहता थांब्यावर आलेल्या माणसाचा प्रतीक्षाकाळ शून्यापासून अर्ध्या तासापर्यंत कितीही असू शकतो, आणि त्यांतील कोणत्याही वेळेला दुसरीहून अधिक वजन नाही. फाशावर एक ते सहा असे सुटे आकडे पडतात. येथे किमती रेघेसारख्या सलग आहेत, म्हणून अशा राशीला संतत यादृच्छिक चल म्हणतात. तिचे घनता-फलन काय, हा प्रश्न होता. माझ्या मनात मिनिटे होती आणि उत्तर होते १/३०. याच शाळेतून आलेल्या एका मुलाने लिहिले, '२ प्रतितास'. मी त्यावर लाल रेघ मारली आणि समासात शेरा दिला, 'संभाव्यता एकापेक्षा मोठी कशी?' त्या गुणांवाचून त्याची पहिली श्रेणी हुकली.

निकालानंतर तो मला भेटला. 'सर, मी संभाव्यता लिहिलीच नव्हती. घनता लिहिली होती,' एवढेच म्हणाला. तो बरोबर होता. १/३० प्रतिमिनिट आणि २ प्रतितास ही एकच घनता आहे. प्रतीक्षा दहा ते पंधरा मिनिटांची असण्याची संभाव्यता काढून पाहा. पाच मिनिटे गुणिले १/३० म्हणजे १/६. तासाचा बारावा भाग गुणिले २, तरीही १/६. काळाचे एकक बदलले की घनतेचा आकडा बदलतो, क्षेत्रफळ बदलत नाही. संभाव्यता ही त्या क्षेत्रफळात असते. वक्र शून्याखाली जाऊ नये आणि त्याखालचे एकूण क्षेत्रफळ एक असले पाहिजे, एवढेच बंधन. वक्राने किती उंच जावे यावर बंधन नाही. त्याने एकक लिहिले होते, आणि मी ते वाचले नव्हते.

मुसळाचे उदाहरण घ्या. खालच्या टोकाला लोखंडी कडे असल्याने तेथे दर इंचाला वजन अधिक भरते, वर कमी. पण एखाद्या बिंदूचे वजन किती, असे विचारले तर उत्तर शून्यच. तुकडा घेतला तरच तराजू हलतो. प्रतीक्षेचेही तसेच आहे. एका मिनिटाच्या खिडकीत बस येण्याची संभाव्यता १/३०, एका सेकंदाच्या खिडकीत १/१८००, सेकंदाच्या दशांशात १/१८०००. आणि 'बरोबर दहा मिनिटे' या बिंदूपाशी शून्य.

येथे हुशार विद्यार्थी हटकून अडतो: सगळी शून्ये मिळवून एक कसा होतो? या शंकेला मी अनेक वर्षे 'पुढे कळेल' म्हणून बगल दिली, हेही कबूल करतो. उत्तर असे, की पहिला, दुसरा, तिसरा अशी ज्यांची यादी करता येते त्यांच्याच संभाव्यतांची बेरीज करण्याची मुभा आपल्याला आहे. रेघेवरील बिंदूंची अशी यादी होत नाही, हे कँटर यांनी १८७४ मध्ये दाखवून दिले. कोल्मोगोरोव यांनी १९३३ मध्ये संभाव्यतेची गृहीतके मांडली तेव्हा बेरजेचा नियम यादीपुरताच ठेवला. म्हणून शून्ये मिळवत बसायचे नाही. अंतराल घेऊन समाकलन करायचे.

मग शून्य संभाव्यतेची गोष्ट घडते कशी? बसचे उदाहरण मी रचलेले होते. आता खऱ्या पावसाचे घेऊ. २६-२७ जुलै २००५ च्या चोवीस तासांत मुंबईत सांताक्रूझला ९४४.२ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. दशांशापुढे अनंत स्थळांपर्यंत नेमका तेवढाच पाऊस पडण्याची संभाव्यता शून्य होती. कोणत्याही दिवशी, शून्याखेरीज कोणत्याही नेमक्या आकड्याची ती शून्यच असते. तरी दररोज कोणता ना कोणता आकडा पडतोच. शून्य संभाव्यता म्हणजे अशक्यता नव्हे. शिवाय नोंदीतला ९४४.२ हा बिंदू नाहीच; दशांशापर्यंतच्या मापात तो सुमारे ९४४.१५ ते ९४४.२५ असा लहानसा तुकडा असतो, आणि तुकड्याला वजन असते.

गटार बांधणाऱ्या अभियंत्याला तोही तुकडा पुरत नाही. पावसाचा वक्र बसच्या वक्रासारखा सपाट नसतो. लहान आकड्यांपाशी तो उंच असतो आणि उजवीकडे त्याचे शेपूट बारीक होत लांबवर जाते. 'इतका पाऊस पडेल का' याऐवजी 'इतक्याहून अधिक पडण्याची संभाव्यता किती' असे त्याने विचारावयाचे असते, म्हणजे त्या शेपटाखालचे क्षेत्रफळ. ते काढताना एका वर्षातील सर्वांत मोठा पाऊस घेतला की एका दिवसाचा, हे आधी लिहावे लागते. नाहीतर उत्तरापुढे सर विचारतील तोच प्रश्न उभा राहतो.