ग्लोव्ह हलला का?

२०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला होता. त्या रात्री न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये यांकीज या बेसबॉल संघाचा कॅम श्लिटलर नावाचा २४ वर्षांचा पिचर बोस्टन रेड सॉक्सविरुद्ध उभा राहिला. जो हरेल त्याचा हंगाम तिथेच संपणार होता. श्लिटलरने आठ इनिंग्जमध्ये १२ जणांना स्ट्राइकआउट केलं, पाच हिट्स दिल्या, वॉक मात्र एकही दिला नाही. यांकीज ४-० ने जिंकले. आठ इनिंग्ज, एकही धाव नाही, १२ स्ट्राइकआउट आणि शून्य वॉक, हे सगळं एका सामन्यात प्लेऑफच्या इतिहासात त्याआधी कुणालाच जमलं नव्हतं. आणि या मुलाला मेजर लीगमध्ये येऊन तीन महिनेही झाले नव्हते.

टीव्हीवर पाहणाऱ्यांना तो एकदम कुठून उगवला असं वाटलं. आम्हा ब्रिजवॉटरकरांना तसं वाटलं नाही. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना ब्रिजवॉटर माहीत असतं ते तिथल्या बालाजी मंदिरामुळे. त्याच गावात, रेल्वे स्टेशनला लागून एक छोटं बेसबॉल मैदान आहे. तिथे खेळणारा सॉमरसेट पॅट्रिअट्स हा २०२१ पासून यांकीजचा डबल-ए संघ आहे. श्लिटलर तिथूनच वर गेला. मी कैक वर्षं या आणि अशा मैदानांवर जातो आहे आणि दरवेळी एकाच प्रश्नात गुंततो: समोर चेंडू टाकणारा हा पोरगा वर जाईल का? आणि हे आज, इथे बसून कळू शकेल का?

खेळाचं गणित थोडक्यात सांगतो. पिचरने तीन स्ट्राइक (बॅटरने चुकवलेले किंवा चौकटीत येऊनही सोडून दिलेले चेंडू) मिळवले की बॅटर बाद, तो स्ट्राइकआउट. चार चेंडू प्लेटच्या चौकटीबाहेर गेले आणि बॅटरने ते सोडून दिले की त्याला पहिला बेस फुकट मिळतो, तो वॉक. मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येकाच्या हाताखाली चार पायऱ्या आहेत: लो-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. म्हणजे असे १२० संघ. दर जुलैत २० फेऱ्यांचा ड्राफ्ट होतो, त्यातून नवी मुलं खालच्या पायऱ्यांवर येतात आणि त्यातली बहुतेक वर न पोचताच घरी जातात. पावसाळ्यात मैदानाच्या कडेला उभं राहून कांगा लीगमधली पोरं पाहणाऱ्या मुंबईकराला यातली ओढ वेगळी समजावून सांगायला नको.

पिचरकडे पाहताना पहिली नजर वेगाकडे जाते. पिचर उभा राहतो त्या माउंडपासून बॅटरसमोरच्या प्लेटपर्यंतचं अंतर साडेसाठ फूट. ताशी ९० मैलांचा चेंडू ते सुमारे ०.४ सेकंदात कापतो. मेजर लीगच्या फास्टबॉलची सरासरी आता ९४ मैलांच्या आसपास पोचली आहे. श्लिटलर कॉलेजात जेमतेम नव्वदीत टाकायचा. म्हणूनच २०२२ च्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव थेट सातव्या फेरीत आलं. पुढच्या तीन वर्षांत अंगात ताकद आली, चेंडू सोडण्याची पद्धत सुधारली आणि त्याचा फास्टबॉल ९८ वर गेला. दसऱ्याच्या रात्री त्याने शंभरी ओलांडली, म्हणजे ताशी १६१ किलोमीटर. वेग वाढवता येतो, हे गेल्या दहा-पंधरा वर्षांत या धंद्याला उमगलेलं सर्वांत मोठं सत्य आहे. त्यामुळे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचा आजचा वेग पाहून त्याच्यावर फुली मारू नये, असं माझं ठाम मत आहे.

पण नुसत्या वेगाने काय होतं, हे सांगायला स्टीव्ह डालकोव्स्कीची गोष्ट सांगितलीच पाहिजे. तिच्यासाठी मी नेहमी जास्त जागा मागतो. कनेक्टिकटमधल्या न्यू ब्रिटनचा हा डावखुरा मुलगा १९५७ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्सच्या सगळ्यात खालच्या संघात, टेनेसीतल्या किंग्जपोर्टला आला. ज्यांनी त्याला पाहिलं त्यांतले कित्येक जण तो इतिहासातला सर्वांत वेगवान पिचर होता, असं मरेपर्यंत सांगत राहिले. त्या पहिल्या हंगामात त्याने ६२ इनिंग्जमध्ये १२१ स्ट्राइकआउट केले आणि १२९ वॉक दिले. १९६० मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनला १७० इनिंग्जमध्ये २६२ स्ट्राइकआउट आणि वॉकही बरोबर २६२! बॅटर धास्तावलेले, कॅचर हैराण आणि धावफलकावर धावांचा पाऊस.

तेव्हा रडार गन नव्हती. १९५८ मध्ये त्याचा वेग मोजण्यासाठी त्याला लष्कराच्या अ‍ॅबर्डीन चाचणी केंद्रात नेलं. आदल्या दिवशी तो सामना खेळलेला होता. तिथे माउंड नव्हता, सपाट जमिनीवरून टाकायचं होतं. आणि यंत्राला वेग कळायचा तर चेंडू त्याच्या अरुंद चौकटीतून जायला हवा होता. याला नेमकं तेच जमत नव्हतं! चेंडू चौकटीतून जाईपर्यंत तो टाकत राहिला, दमला आणि नोंद झाली ९३.५ मैलांची. खरा वेग किती होता हे कायमचं गुलदस्त्यातच राहिलं.

मला या गोष्टीत सर्वांत मोलाचं वाटतं ते १९६२ चं वर्ष. न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायराच्या संघात अर्ल वीव्हर त्याचा मॅनेजर होता. हाच वीव्हर पुढे ओरिओल्सचा नामांकित मॅनेजर झाला. त्याने डालकोव्स्कीच्या मागे लागून एकच धोशा लावला: जोर कमी लाव, स्ट्राइक टाक. त्या हंगामात १६० इनिंग्जमध्ये १९२ स्ट्राइकआउट झाले आणि वॉक ११४ वर आले. तेही कमी नव्हते, पण स्टॉकटनच्या मानाने डोंगर उतरल्यासारखं होतं. १९६३ च्या वसंतातल्या सराव सामन्यांत तो ओरिओल्सच्या मुख्य संघात शिरण्याच्या बेतात असताना कोपर गेलं. मेजर लीगमध्ये एकही चेंडू न टाकता तो संपला. २०२० मध्ये, ८० व्या वर्षी, तो न्यू ब्रिटनमध्येच वारला. ‘बुल डरहॅम’ या सिनेमातला भरकटलेल्या वेगाचा पिचर त्याच्यावरूनच उभा राहिला आहे.

म्हणून मी आधी वॉक पाहतो. शंभर बॅटरमागे किती स्ट्राइकआउट आणि किती वॉक, एवढंच काढायचं आणि पहिल्यातून दुसरे वजा करायचे. मेजर लीगमध्ये ही सरासरी साधारण २२ आणि ८ असते, म्हणजे फरक चौदाचा. डबल-एमध्ये हा फरक वीसच्या वर असेल तर मी वही उघडतो. दहाच्या खाली असेल तर कितीही वेग असो, मी थांबून पाहतो.

आकड्यांच्या आधीही डोळ्यांना एक खूण दिसते. प्लेटच्या मागच्या रांगांत हातात रडार गन घेतलेले स्काउट बसतात. त्यांच्यातल्याच एका वयस्कर माणसाने मला एकदा सांगितलं, ‘पिचरकडे कशाला बघतोस? कॅचरचा ग्लोव्ह बघ.’ कॅचर ग्लोव्ह धरून बसतो ती जागा लक्षात ठेवायची. चेंडू येताना ग्लोव्ह हलला का, किती हलला? इंच-दोन इंच हलला तर हा मुलगा जिथे म्हणतो तिथे टाकतो. ग्लोव्ह प्लेटच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला धावला तर स्ट्राइक मिळूनही तो चेंडू चुकलेलाच. नवख्यालासुद्धा ही खूण दोन इनिंग्जमध्ये वाचता येते. त्याच रांगांमध्ये कधी कधी एखादा तरुण मांडीवर टॅब्लेट घेऊन प्रत्येक चेंडूची नोंद करताना दिसतो. तो त्याच संघाचा, त्या दिवशी न खेळणारा पिचर असतो. त्याचीही मान ग्लोव्हकडेच वळलेली असते.

दुसरी परीक्षा तिसऱ्या प्रकारच्या चेंडूची. फास्टबॉल आणि वळणारा स्लायडर या दोन हत्यारांवर खालच्या पायऱ्या चढता येतात. पण सामन्यात तेच बॅटर तिसऱ्यांदा समोर येतात तेव्हा त्यांनी दोन्ही पाहिलेले असतात. उजव्या हाताच्या पिचरला डावखुऱ्या बॅटरसाठी हळू येऊन फसवणाऱ्या चेंजअपसारखं काहीतरी लागतंच. याला अपवाद आहेत. अटलांटाचा स्पेन्सर स्ट्रायडर मुख्यतः दोनच प्रकारच्या चेंडूंवर २०२२ मध्ये २०२ आणि २०२३ मध्ये २८१ स्ट्राइकआउट करून गेला. पण तो अपवाद आहे म्हणूनच लक्षात राहतो.

तिसरी गोष्ट म्हणजे वय आणि जागा. एकवीस वर्षांचा मुलगा डबल-एमध्ये टिकून असेल तर त्याची कामगिरी सव्वीस वर्षांच्या पिचरच्या तशाच कामगिरीपेक्षा कितीतरी मोलाची. आणि मैदानही पाहावं. जेकब डीग्रॉम २०१३ मध्ये लास व्हेगासच्या ट्रिपल-ए संघात होता. तिथल्या उंचावरच्या कोरड्या हवेत चेंडू लांब जातो, त्यामुळे नऊ इनिंग्जमागे तो चारहून जास्त धावा देत होता. तो नवव्या फेरीतला, कॉलेजात शॉर्टस्टॉप खेळलेला, कोपराची शस्त्रक्रिया झालेला. पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, तो वर आला आणि वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला. २०१८ आणि २०१९ अशी लागोपाठ दोन वर्षं त्याने सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला. नुसता धावांचा आकडा पाहणाऱ्याला हा हिरा हाती असूनही दिसला नसता.

याच मोजपट्टीने आपल्या रिंकू सिंगकडेही पाहतो. उत्तर प्रदेशातला हा भालाफेकपटू २००८ ची ‘मिलियन डॉलर आर्म’ स्पर्धा जिंकला आणि दिनेश पटेलबरोबर पिट्सबर्ग पायरेट्सकडे आला. त्यापूर्वी त्याने बेसबॉल हातात धरलेला नव्हता. २००९ मध्ये अमेरिकेत व्यावसायिक सामना जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला आणि २०११ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या लो-ए संघापर्यंत पोचला. इतरांनी आठव्या वर्षी सुरू केलेलं शिक्षण त्याने विसाव्या वर्षी सुरू केलं. त्या हिशोबात त्याची मजल मला विलक्षण वाटते. पुढे कोपराने दगा दिला.

आणि सगळं जमलं तरी वर जागा रिकामी लागते. क्लब बढती देऊ शकतो ती फक्त ४० जणांच्या यादीतल्यांना. कॉलेजातून आलेल्या मुलाला साधारण चार हंगामांत त्या यादीत घेतलं नाही तर डिसेंबरच्या ‘रूल फाइव्ह’ ड्राफ्टमध्ये दुसरा संघ त्याला उचलू शकतो. यादीत आल्यावर तीन हंगाम त्याला खाली-वर करता येतं. श्लिटलरचं काय झालं पाहा. यांकीजचा गेरिट कोल २०२५ चा अख्खा हंगाम शस्त्रक्रियेमुळे बाहेर, जुलैत क्लार्क श्मिटचंही कोपर गेलं आणि ९ जुलैला श्लिटलर मेजर लीगमध्ये उभा राहिला. मेजर लीगच्या दाराच्या अलीकडे आणि पलीकडे किती फरक आहे तेही पाहा: २०२३ च्या करारानुसार ट्रिपल-एमधला वार्षिक पगार ३५,८०० डॉलर, आणि त्याच वर्षी मेजर लीगमधला किमान पगार ७,२०,००० डॉलर. मधलं अंतर कधीकधी एका बसप्रवासाचं असतं.

माझा निष्कर्ष असा: वेग दार उघडतो, आत राहू देतो तो ताबा, आणि बढतीची तारीख ठरवतं दुसऱ्याचं दुखावलेलं कोपर. यातली पहिली आणि तिसरी गोष्ट वर्तमानपत्रात कळते. दुसरी प्रत्यक्ष मैदानावर जाऊनच कळते.

उन्हाळ्यात मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेला आलात तर नायगारा पाहाच, पण एक संध्याकाळ जवळच्या मायनर लीगच्या मैदानासाठीही ठेवा. एप्रिल ते सप्टेंबर सामने चालतात आणि तिकीट मेजर लीगच्या मानाने कितीतरी स्वस्त असतं. प्लेटच्या मागची जागा मागा, नातवंडांना सोबत न्या आणि ज्याच्या चेंडूला ग्लोव्ह फारसा हलत नाही त्या पिचरचं नाव लिहून ठेवा. दोन-तीन वर्षांत ते कदाचित टीव्हीवर ऐकू येईलही.