भरलेलं घर आणि पसारा

कामं आटोपून रेडिओजवळ बसला असाल, तर आज घराच्या भिंतींबद्दल बोलू या.

गटाच्या बैठकीत हल्ली एक विषय हमखास निघतो. घरकुल बांधून झालं, आता आतून कसं सजवायचं? प्रधानमंत्री आवास योजनेतलं गावाकडचं घर किमान २५ चौरस मीटरचं असतं, म्हणजे साधारण २७० चौरस फूट. त्यातच स्वयंपाकाची जागा. मग कुणी सांगतं, जागा लहान आहे, सगळीकडे फिका रंग द्या. कुणी म्हणतं, लाल-पिवळं नको, भडक दिसतं, शहरातल्यासारखं करा. आणि बाई मनातला रंग मनातच ठेवते. खरं तर घरकुल बहुतेकदा बाईच्या किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर मंजूर होतं. कागदावर नाव आहे, मग भिंतीच्या रंगात मत का नसावं?

भरपूर रंग, भरपूर नक्षी आणि हौसेच्या वस्तूंनी घर भरणं यात गावंढळ काहीच नाही. बिहारच्या मिथिला भागात बायका पिढ्यान्‌पिढ्या लग्नघरातल्या खोलीच्या भिंती चित्रांनी भरत आल्या. त्यात कमळ, बांबू, मासे, पोपट असतात आणि मधली रिकामी जागासुद्धा बारीक रेघांनी भरलेली असते. १९६० च्या दशकात तिथे मोठा दुष्काळ पडला. तेव्हा मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना हस्तकला मंडळाने तिकडे पाठवलं. त्यांनी बायकांना कागद दिले आणि भिंतीवरची चित्रं कागदावर येऊन विकली जाऊ लागली. हीच आपल्याला माहीत असलेली मधुबनी चित्रकला. तिथल्या जगदंबा देवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली. आपल्या पालघर-डहाणूकडेही गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिणाऱ्या वारली सुवासिनीच होत्या.

आता मुद्द्याचं. भरलेलं घर आणि पसारा यात फरक आहे. पसारा आपोआप होतो, भरलेलं घर ठरवून करावं लागतं. त्यासाठी चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, तीन रंग ठरवा. समजा गेरूसारखा लाल, हळदीचा पिवळा आणि पोपटी. एक भिंत पूर्ण लाल करा. बाकीचे दोन रंग पडदा, उशीचे अभ्रे, दाराचं तोरण, कुंड्या यांत पुन्हा पुन्हा येऊ द्या. नवीन वस्तू घरात आणताना बघा, या तिघांपैकी एक तरी रंग तिच्यात आहे का? नसेल तर ती वस्तू कितीही सुंदर असो, या खोलीत उपरी वाटेल.

दुसरी, नक्षी लहान-मोठी ठेवा. मिथिलेच्या चित्रात मुख्य आकृती मोठी आणि ठसठशीत असते, भरण बारीक असतं. म्हणून गर्दी असूनही नजर गोंधळत नाही. भिंतीवर मोठी फुलं काढली असतील तर चादर बारीक बुट्ट्यांची घ्या. दोन्ही मोठी घेतली तर एकमेकींशी भांडतात.

तिसरी, एकासारख्या वस्तू एकत्र लावा. स्वयंपाकघरातल्या मांडणीवर डबे, पातेली, तांबे आपण उतरत्या ओळीने लावतो ना? तोच नियम फोटोंना, सुपल्या-टोपल्यांना लावा. फोटो आधी जमिनीवर मांडून बघा, मधे दोन-दोन बोटं जागा सोडा, पटलं की मगच खिळा ठोका.

चौथी, भिंत भरा, जमीन मोकळी ठेवा. लहान घरात वावरायला जागा लागते. शिवाय एक कोपरा साधा सोडा. जेवणात सगळेच पदार्थ झणझणीत असले तर वरणभाताची आठवण होते, तसंच नजरेचं आहे.

यासाठी दुकानात जायच्या आधी घरातली ट्रंक उघडा. जुन्या साड्यांच्या काठांचं तोरण होतं, ब्लाऊजपिसांचे अभ्रे होतात. आजीने शिवलेली वाकळ धुऊन बांबूच्या काठीवर अडकवली की अख्खी भिंत सजते. फक्त ती ओलीच्या भिंतीला लावू नका, आणि गॅस किंवा विजेच्या बोर्डाजवळ कुठलंच कापड नको. गटाचं कर्ज शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी घ्या. शोभेच्या प्लास्टिक फुलांचे हप्ते भरायची पाळी येऊ देऊ नका.

रंगाचं काम मात्र घाईने करू नका. नव्या गिलाव्यात बरेच दिवस पाणी असतं. ओल्या भिंतीवर ऑइलपेंट दिला की पोपडे निघतात. तपासायला सोपं आहे. हातभर प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवा. दुसऱ्या दिवशी आतून पाण्याचे थेंब दिसले तर अजून थांबा. गेरू लावायचा असेल तर त्यात डिंक मिसळा, नाहीतर हाताला आणि कपड्यांना लागतो. बाहेरच्या भिंतीवरचा गेरू पावसाने धुऊन जातो, तो दरवर्षी द्यावा लागतो.

आणखी एक, मुलांच्या तब्येतीचं. काही रंगांमध्ये शिसं असतं. ते पोटात गेलं तर मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं ठेवायला कायद्याने बंदी आहे. डब्यावर तशी नोंद आहे का ते वाचूनच घ्या, सुटा रंग घेऊ नका. दारं-खिडक्यांचा जुना रंग कोरडा खरवडू नका, पाणी मारून घासा. त्या वेळी लहान मुलं आणि गरोदर बाई खोलीत नको.

रंग किती लागेल? दहा फूट लांब, नऊ फूट उंच भिंत म्हणजे ९० चौरस फूट. एका लिटरमध्ये किती चौरस फूट होतं ते डब्यावर लिहिलेलं असतं. हात दोन द्यायचे हे धरून हिशेब करा. पाचजणींनी मिळून रंग घेतला तर उरलेला वाया जात नाही.

आणि मजुरी? शेतात आपण सावड करतो, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. तशीच भिंतींची सावड करू या. येत्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या घराचे तीन रंग सांगायचे. दुसरीच्या रंगाला भडक म्हणायचं नाही, एवढीच अट. पहिली भिंत कुणाची ते चिठ्ठी टाकून ठरवा.