सही केली म्हणून मुलाचा हक्क जात नाही

भारताच्या फौजदारी कायद्यात तलवारबाजीचे एक उदाहरण आहे. १८६० सालच्या दंडसंहितेतले कलम ८७ समजावून सांगण्यासाठी कायदा करणाऱ्यांनी दोन माणसे कल्पिली. ती दोघे करमणुकीसाठी एकमेकांशी तलवार खेळायचे ठरवतात. नियमाने खेळताना एकाचा वार दुसऱ्याला लागला, तर तो गुन्हा ठरत नाही. खेळायला उतरतानाच दोघांनी तेवढी इजा सोसायची तयारी दाखवलेली असते.  १ जुलै २०२४ रोजी त्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तरी तलवारबाजीचे उदाहरण नव्या कलम २५ मध्ये कायम राहिले.

त्या कलमातल्या दोन अटी मात्र सहज नजरेआड होतात. खेळ खोटेपणाशिवाय झाला पाहिजे आणि संमती देणाऱ्याने वयाची १८ वर्षे पूर्ण केलेली असली पाहिजेत.

वयाची अट अशी असली, तरी आज हैदराबादसारख्या शहरात आठ-दहा वर्षांच्या मुलीला तलवारबाजीच्या वर्गात घालायला गेले, की पालकांसमोर बहुधा एक छापील कागद येतो. कुणी त्याला कन्सेंट फॉर्म म्हणतात, कुणी अंडरटेकिंग, कुणी हमीपत्र. मजकूर साधारण एकाच वळणाचा असतो. या खेळात धोका आहे हे आम्हाला मान्य आहे, कोणत्याही दुखापतीला क्लब, प्रशिक्षक किंवा मैदानाचे मालक जबाबदार राहणार नाहीत, आम्ही दावा करणार नाही आणि कुणी केलाच तर त्याचा खर्च आम्ही भरून देऊ. भाषा इंग्रजी, अक्षर बारीक आणि मागे सहीसाठी रांग. तालमीत वस्तादाच्या शब्दावर पोर सोपवण्याची रीत ज्यांच्या घरात होती, ती माणसेही हा कागद न वाचता सही करून मोकळी होतात. मनात मात्र भीती राहते, की आता उद्या काही झाले तर तोंड उघडायची सोय उरली नाही.

ही भीती बऱ्याच अंशी चुकीची आहे.

आधी खेळातला धोका नेमका केवढा ते पाहू. फॉइल, एपे आणि सेबर या तिन्ही तलवारींना धार नसते, फॉइल आणि एपेचे टोक बोथट असते. नेहमीच्या दुखापती म्हणजे घोटा मुरगळणे, गुडघा दुखावणे, मांडीचा स्नायू ताणणे. जिवावर बेतणारा प्रसंग विरळाच, पण तो अशक्य नाही. जुलै १९८२ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत मॉस्को ऑलिंपिकचा सुवर्णविजेता व्लादिमिर स्मिर्नोव पश्चिम जर्मनीच्या मॅथियास बेअरशी खेळत होता. बेअरचे पाते तुटले, तुटके टोक स्मिर्नोवच्या मास्कची जाळी भेदून डोळ्यावाटे मेंदूपर्यंत गेले आणि काही दिवसांनी तो मरण पावला. दोष बेअरच्या खेळात नव्हता, साधनांत होता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय तलवारबाजी संघटनेने साधनांचे निकष कडक केले. पात्यांसाठी सहज न तुटणारे मॅरेजिंग पोलाद आले. मोठ्या स्पर्धांचा पोशाख आता ८०० न्यूटन जोर झेलणारा लागतो आणि मास्कखालचे गळ्याचे कापड १६०० न्यूटनचे. हा खेळ आज सुरक्षित मानला जातो तो अशा साधनांमुळे, पालकांकडून लिहून घेतलेल्या कागदामुळे नाही.

आता दिवाणी कायद्याकडे वळू. भारतीय करार कायद्याच्या कलम ११ नुसार अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील, व्यक्ती करार करू शकत नाही. तिचा करार मुळातच रद्दबातल असतो, हे त्या काळच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, प्रिव्ही कौन्सिलने, १९०३ साली मोहोरी बीबी खटल्यात ठरवून दिले आहे. म्हणजे मुलीची स्वतःची सही निरुपयोगी. आईवडिलांनी सही केली तरी नुकसानभरपाई मागण्याचा हक्क तिचा स्वतःचा आहे, आणि मुदतीच्या कायद्याचे कलम ६ अज्ञान मुलांसाठी दाव्याची मुदत सज्ञान झाल्यापासून मोजू देते. ‘कोर्टात जाणार नाही’ हे वाक्यही पोकळच, कारण न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग पूर्णपणे बंद करणारी अट करार कायद्याचे कलम २८ मानत नाही.

सज्ञान खेळाडूचे काय? त्याची सही अगदीच वाया जात नाही. समोरच्याने नियमाने मारलेला वार लागला, धावताना पाय मुरगळला, तर ‘हा धोका तुम्ही जाणून पत्करला होता’ असे क्लब म्हणू शकतो आणि ते न्यायाचेच आहे. पण जाळी गंजलेला मास्क देणे, तडा गेलेले पाते वापरू देणे, पंचवीस मुलांना एका शिकाऊ मुलाच्या हवाली करून प्रशिक्षकाने निघून जाणे, हा खेळातला धोका नव्हे. हा निष्काळजीपणा आहे.

स्वतःचा निष्काळजीपणा छापील वाक्याने पुसता येतो का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे एका वेगळ्याच निमित्ताने आला. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात १९९८ साली एका पाहुण्याने मोटारीची किल्ली कर्मचाऱ्याच्या हाती दिली आणि मोटार चोरीला गेली. पावतीवर ‘गाडी मालकाच्या जोखमीवर’ असे छापलेले होते. नोव्हेंबर २०१९ च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की गाडी ताब्यात घेतल्यावर हॉटेलला असे वाक्य पुढे करून आपल्या निष्काळजीपणातून सुटता येणार नाही. खटला मोटारीचा होता, कायदा दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेण्याचा होता. तरीही जे मोटारीच्या बाबतीत चालत नाही ते मुलाच्या डोळ्याच्या बाबतीत चालावे, असे कोणत्या न्यायाधीशाला वाटेल? ब्रिटनने तर १९७७ सालीच कायदा करून, निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूची किंवा शारीरिक इजेची जबाबदारी कराराने झटकण्यास व्यवसायांना बंदी घातली.

हैदराबादला निष्काळजीपणाच्या प्रश्नाची फार कडू ओळख आहे. ८ जून २०१४ रोजी शहरातल्या व्हीएनआर विज्ञान ज्योती अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी हिमाचलात बियास नदीत वाहून गेले. लारजी धरणातून अचानक पाणी सोडले गेले होते. विद्यार्थी तरुण होते, नदीत स्वतःहून उतरले होते. तरीही हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये प्रत्येक कुटुंबाला २० लाख रुपये भरपाई ठरवली आणि तिचा भार वीज मंडळावर ६०, महाविद्यालयावर ३० व राज्य सरकारवर १० टक्के असा वाटून दिला. मुले ज्याच्या हवाली केली, त्याच्यावर काळजी घेण्याचे कर्तव्य येते, ते असे.

शुल्क घेणाऱ्या वर्गाविरुद्ध ग्राहक आयोगातही जाता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करार’ ही नवी तरतूद आहे. ग्राहकावर अवाजवी ओझे टाकणाऱ्या एकतर्फी अटी रद्द ठरवण्याचा अधिकार राज्य आयोगाला आहे आणि तेलंगणाचा राज्य आयोग हैदराबादेतच बसतो. अज्ञान मुलाच्या वतीने पालक तक्रार करू शकतात. मुदत दोन वर्षांची.

याचा अर्थ कागद फाडून टाकावा असा नाही. त्याच कागदात मुलाचा रक्तगट, दमा, औषधाची अॅलर्जी, जुनी दुखापत, रात्री-अपरात्री लागणारा फोन नंबर आणि तातडीच्या उपचारांना परवानगी या गोष्टी असतील, तर तो जीव वाचवू शकतो. धोका स्पष्ट शब्दांत सांगणे हेही क्लबचे प्रामाणिकपणाचे काम आहे. सामान्य प्रशिक्षकाची बाजूही समजून घ्यायला हवी. भाड्याच्या सभागृहात मोजक्या साधनांवर वर्ग चालवणाऱ्याला एका दाव्याने देशोधडीला लागण्याची धास्ती असते. त्या धास्तीवर खरा उपाय विमा हाच. सरकारची वर्षाला २० रुपयांची सुरक्षा विमा योजना १८ ते ७० वयाच्या लोकांसाठी आहे, तिच्यात मुले बसत नाहीत. म्हणून क्लबने मुलांसाठी गटविमा काढावा आणि शुल्कात तो खर्च उघडपणे दाखवावा.

चेन्नईच्या भवानी देवीने टोकियोत ऑलिंपिक तलवारबाजीत उतरणारी पहिली भारतीय होण्याचा मान मिळवला. त्यानंतर या खेळाकडे वळणाऱ्या घरांना एवढेच सांगणे आहे: सही करण्याआधी अर्ज घरी नेऊन वाचा, इंग्रजी अडत असेल तर मराठीत किंवा तेलुगूत समजावून मागा आणि त्याची प्रत जवळ ठेवा. मास्क शेवटचा कधी तपासला, एका प्रशिक्षकामागे किती मुले असतात, प्रथमोपचार कुणाला येतो, विमा आहे का, हे तोंडावर विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ करणाऱ्या वर्गात मुलाला घालू नका.