क्रिएटिनिन नॉर्मल आहे, तरीही

नवी किडनी बसवलेल्या रुग्णांच्या तपासण्या वेळच्या वेळी करून घेणं हे प्रत्यारोपण समन्वयक म्हणून माझं रोजचं काम. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाची लेव्हल तपासायला गोळी घेण्याआधीचं रक्त लागतं. म्हणून मंडळी सकाळची गोळी शर्टाच्या खिशात ठेवून उपाशीपोटीच येतात. त्यांना जांभळ्या झाकणाची आणखी एक नळी भरायला सांगितली, की प्रश्न येतोच, "ताई, क्रिएटिनिन १.१ आहे. मग ही महागाची टेस्ट कशाला?"

क्रिएटिनिन किडनीचं काम कसं चाललंय ते सांगतं; ही टेस्ट बीके विषाणूची. १९७० साली लंडनमध्ये किडनी बसवलेल्या एका रुग्णाच्या लघवीत तो सापडला आणि त्या रुग्णाची आद्याक्षरंच त्याचं नाव झाली. बहुतेकांच्या अंगात तो लहानपणीच शिरतो आणि किडनीत, मूत्रमार्गात दबून राहतो. दात्याच्या किडनीबरोबरही येतो. एरवी प्रतिकारशक्ती त्याला डोकं वर काढू देत नाही. पण शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून तीच आपण औषधांनी दाबलेली असते.

ताप नाही, दुखणं नाही. विषाणू आधी लघवीत वाढतो, मग रक्तात उतरतो, आणि क्रिएटिनिन चढेपर्यंत किडनीला इजा होऊन गेलेली असते. म्हणून रक्ताची पीसीआर तपासणी. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार ती पहिले नऊ महिने दरमहा आणि पुढे दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत दर तीन महिन्यांनी करायची.

रक्तात मिलिलिटरमागे विषाणूच्या दहा हजारांवर प्रती आल्या, की डॉक्टर सावध होतात. हजारावरचा आकडा पुन्हापुन्हा आला तरीही. "मग औषध वाढवा ना," असं घरचे म्हणतात. इथे उलट करावं लागतं. या विषाणूवर खात्रीचं औषध अजून नाही, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधंच बेतानं कमी करतात. पण गोळी कमी करायची ती डॉक्टरांनीच. मनानं कमी केली, तर शरीर किडनी नाकारू शकतं.

औषधांच्या खर्चानं पिचलेलं घर पहिली कात्री याच टेस्टला लावतं, आणि तिथे मी हट्टाला पेटते. आपल्याकडे बहुतेक किडन्या घरच्यांनीच दिलेल्या असतात, आईनं नाहीतर बायकोनं. फोनवर मी विचारते, "अहो, वहिनींनी दिलेली किडनी ना? मग या महिन्याची टेस्ट चुकवायची नाही."

आणखी एक सांगते. स्वस्त मिळते म्हणून दर वेळी लॅब बदलू नका. प्रत्येकीची पद्धत वेगळी, त्यामुळे आकडे जुळत नाहीत. एकाच लॅबमध्येही आठ हजारांचे बारा हजार झाले, तर तो तपासणीतलाच फरक असू शकतो. तिपटीहून जास्त वाढ झाली, तर मात्र त्याच दिवशी कळवा.