पट्टकादंबांची वीण आणि वऱ्हाडचे तलाव

अकोल्याजवळच्या कापशी तलावावर किंवा अमरावती परिसरातील केकतपूर, शेवती यांसारख्या तलावांवर हिवाळ्यात उतरणारा पट्टकादंब हा अस्सल रानहंस असला, तरी त्याचे एकही घरटे वऱ्हाडात होत नाही. मंगोलियातील सरोवरे, तिबेटचे पठार आणि लडाखमधील सुमारे ४,५०० मीटर उंचीवरचे त्सो मोरीरी व त्सो कार येथे त्याची वीण होते. मंगोलियात गळपट्टा चढवलेले काही पक्षी नागपूर जिल्ह्यातील परडगावच्या तलावावर आढळल्याने विदर्भाचे त्या प्रदेशाशी असलेले नाते पक्के झाले आहे.

मादी साधारणपणे चार ते सहा अंडी घालून महिनाभर एकटीच ती उबवते आणि नर जवळ पहारा देतो. ज्या घरट्यातून निदान एक पिल्लू बाहेर पडते ते यशस्वी, आणि एकूण घरट्यांत अशांचे जे प्रमाण पडते ते वीणयश. बेटावरची वसाहत कोल्ह्याकुत्र्यांपासून बचावते; मात्र पाणी उतरून बेट काठाला जोडले गेले, तर तोच आसरा सापळा ठरतो. दाटीच्या वसाहतीत रोगही झपाट्याने पसरतो. २००५ साली चीनमधील छिंगहाई सरोवरावर ऐन विणीच्या दिवसांत बर्ड फ्लूने सहा हजारांच्या आसपास पाणपक्षी दगावले आणि त्यांत पट्टकादंबांची संख्या फार मोठी होती.

इतक्या दूरच्या विणीचा अंदाज वऱ्हाडातल्या काठावरूनही बांधता येतो, ही या पक्ष्याची सर्वांत मोलाची बाब होय. प्रौढाच्या पांढऱ्या डोक्यावर दोन ठळक काळे पट्टे असतात. त्याच वर्षी जन्मलेल्या पिल्लाला ते नसतात, त्याचे माथे व मानेची मागची बाजू सरसकट करडी-तपकिरी दिसते. पिल्ले पहिला हिवाळा आईवडिलांसोबतच काढत असल्याने थव्यातील बिनपट्ट्यांच्या पक्ष्यांचे प्रमाण मोजले, की सरलेल्या उन्हाळ्यात किती पिल्ले जगली आणि प्रवास निभावून आली, हे कळू लागते. पुढे पट्टे उमटू लागतात, म्हणून ही मोजणी हंगामाच्या आरंभीच व्हावी.

एखाद्या तलावावर संख्या घटली म्हणजे पक्षी कमी झाले, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. कारण पाऊस कमी पडून तलाव आटला, गाळपेरीची वर्दळ वाढली किंवा मासेमारीने थवा बिथरला, तर तो शेजारच्या प्रकल्पावर जातो. १९८७ पासून दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत अनेक तलाव एकाच सुमारास मोजले जातात, तेव्हा वऱ्हाडातील नोंदवहीत एकूण संख्येशेजारी पिल्लांचा वेगळा रकाना असणे अगत्याचे आहे.