लाल पावसाचा ठावठिकाणा

केरळच्या कोट्टायम जिल्ह्यात चंगनाश्शेरीला २५ जुलै २००१ रोजी लाल पाऊस पडला. अंगावरचे कपडे गुलाबी झाले. सरीआधी मोठा कडकडाट आणि लख्ख उजेड झाल्याचेही लोकांनी सांगितले. तिरुवनंतपुरमच्या भूविज्ञान अभ्यास केंद्राने आधी फुटलेल्या उल्केच्या धुळीवर संशय घेतला, पण पाणी सूक्ष्मदर्शकाखाली गेल्यावर काही दिवसांतच तो मागे घेतला. त्यात धूळ जवळपास नव्हतीच. होत्या त्या जाड भित्तिकेच्या, गोलसर लाल पेशी, एका मिलिलिटरमध्ये सुमारे नव्वद लाख! पालोडच्या वनस्पती उद्यान संस्थेत त्या वाढवून पाहिल्या, तेव्हा ट्रेंटेपोलिया नावाचे शैवाल उगवले. वर्गीकरणात हे हिरवे शैवाल; पण गाजरात असतात त्या कुळातली रंगद्रव्ये साठल्याने दिसते केशरी-तांबडे. बुरशीशी जोडी जमली की त्याचे दगडफूल होते आणि त्या भागातली झाडे, खडक, अगदी दिव्यांचे खांबसुद्धा अशा दगडफुलाने माखलेले आढळले.

एवढ्यावर वाद मिटला नाही. कोट्टायमच्या महात्मा गांधी विद्यापीठातले गॉडफ्रे लुईस आणि संतोष कुमार यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात या पेशी धूमकेतूवरून, उंचावर फुटलेल्या उल्केतून आल्या असाव्यात, असे मांडले. त्यांत डीएनए सापडत नाही, हा त्यांचा एक आधार. पण जाड भित्तिका नीट फुटल्याशिवाय तो हाती लागणार कसा? पुढे तो लागलाही. मला याहून वजनदार वाटते ती साक्ष प्रयोगशाळेबाहेरची आहे: काय पडले याइतकेच कुठे आणि किती दिवस पडले याला महत्त्व आहे. फ्रान्समधल्या एक्स शहरात १६०८ मध्ये भिंतींवर रक्तासारखे थेंब दिसले, तेव्हा पेरेस्क या विद्वानाने डाग कुठे आहेत ते पाहिले. ते छपरांवर नव्हते. पाऊस पोचणार नाही अशा आडोशाला होते. कोशातून बाहेर पडताना फुलपाखरे टाकतात तो हा लाल द्रव, हे त्याने ताडले. केरळचा लाल पाऊस तर सप्टेंबरअखेरपर्यंत अधूनमधून, मुख्यतः कोट्टायम आणि इडुक्की याच जिल्ह्यांत पडत राहिला. उंचावर फुटलेल्या उल्केचा चुरा वाऱ्याने कधीच पांगला असता.

शास्त्रज्ञांनी एके काळी आकाशातून दगड पडतात हेही नाकारले होते, हा आक्षेप ठरलेला आणि खराही. १७६८ मध्ये ल्युसे येथे पडलेला दगड लाव्हाझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पृथ्वीवरचाच ठरवला होता. पण ती चूक सुधारली कशी, हेही पाहावे. १८०३ मध्ये लेगल गावाच्या परिसरात दगडांचा वर्षाव झाला तेव्हा भौतिकशास्त्रज्ञ जाँ-बातिस्त बिओ गावोगाव फिरला. दगड एका लांबट वर्तुळात विखुरलेले होते आणि आसपास त्या जातीचा खडक कुठेच नव्हता. म्हणजे ज्या कसोटीने लेगलचे दगड आकाशातले ठरले, तीच केरळच्या पेशींना जमिनीवर आणते. एक अडचण उरते: शैवालाचे इतके बीजाणू एकदम ढगात चढले कसे, याचा उलगडा केंद्राच्या अहवालातही नाही. ही उणीव छोटी नाही. पण तिचा फायदा धूमकेतूला देता येत नाही, कारण त्याला तर वारा चुकवत दोन महिने त्याच दोन जिल्ह्यांवर नेम धरावा लागला असता.