कोबा घोटण्याचे हातयंत्र : मोटर घेताना आधी फेरे पाहा

बांधकामावर राबणारे मिस्त्री आणि वेल्डिंग-फॅब्रिकेशनचा धंदा करणारे कारागीर यांच्याकडून एक विचारणा आमच्याकडे वारंवार होते. गोदामाचा मोठा कोबा घोटायला चालत ढकलण्याचे यंत्र भाड्याने आणता येते. पण दहा बाय बाराची खोली, जिन्याची चौकी, दुकानाचा ओटा यांत ते शिरत नाही. तिथे अजूनही गुडघे टेकून गुरमाळाच फिरवावा लागतो. मग हातात धरण्याजोगे छोटे यंत्र आपणच बनवले तर? पत्र्याचा गोल तवा आपण कापू, दांडा आपण वेल्ड करू. घोडे अडते ते मोटरपाशी.

आमचे कारागीर बंधू नागदेवी स्ट्रीटला किंवा लोहार चाळीत जातात आणि दुकानदाराला पहिला प्रश्न करतात, 'किती हॉर्सपॉवरची आहे?' आमच्या मते हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा हवा : मिनिटाला फेरे किती?

एका वर्कशॉपमध्ये चार इंची ग्राइंडरला बारा इंचाचा तवा बसवलेला आम्ही पाहिला. मालकाने मोठ्या हौसेने तो दाखवला. आम्ही वायर काढायला लावली. असा ग्राइंडर मोकळा फिरताना मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. त्या वेगाला बारा इंची तव्याची कड ताशी ६०० किलोमीटरहून जास्त वेगाने धावेल. तवा फुटून सुटला तर समोरच्या माणसाची धडगत नाही. कोबा घोटणे तर दूरच राहिले.

चालत ढकलण्याची यंत्रे मिनिटाला साधारण ६० ते १३० फेरे घेतात. आपला तवा लहान, म्हणून त्याला थोडे जास्त चालतील. बारा इंची तव्याला सुरुवातीला शंभराच्या आत आणि शेवटच्या घोटाईला दीडशे-दोनशे फेरे पुरे. यापुढे गेलात की रबडी अंगावर उडते.

आता ताकदीचा हिशेब. तव्यावर पाच किलोचा भार आहे आणि ओल्या काँक्रीटचे घर्षण त्याच्या निम्मे धरले, तर १२० फेऱ्यांना जेमतेम ३० वॅट लागतात. वाचणाऱ्याला हसू येईल, पण आकडा खरा आहे. मात्र ताजे काँक्रीट तव्याला चिकटते, मध्येच खडी आडवी येते, म्हणून तिप्पट धरावे. गिअरमध्ये बरीच ताकद मुरते, तीही मिळवावी. एवढे करूनही दीडशे-दोनशे वॅटच्या वर जात नाही. पाव हॉर्सपॉवर म्हणजे १८६ वॅट. एक हॉर्सपॉवरची मोटर घेणे म्हणजे पैसे देऊन ओझे विकत घेणे.

भिवंडी-मालेगावच्या मंडळींना पटकन आठवते ती लूमची जुनी मोटर. ती तीन फेजची आणि वजनदार. हातयंत्राला कामाची नाही. सिंगल फेजची १,४४० फेऱ्यांची पाव हॉर्सपॉवर मोटर स्वस्तात मिळते खरी, पण तिचेही वजन बरेच आणि फेरे बारा पटीने उतरवावे लागतात. पंख्याचा रेग्युलेटर लावून तिला हळू करण्याच्या भानगडीत पडू नये. ती ओढत नाही, नुसती तापते. ड्रिल मशीनचेही तसेच. बटण अर्धे दाबून तासभर चालवले तर आतला पंखाही हळू फिरतो, मोटरला वारा मिळत नाही आणि वायंडिंग जळते. ड्रिलच वापरायचे तर कमी फेऱ्यांचे, गिअरवाले घ्यावे, आणि पुढे पट्टा-पुली लावून फेरे आणखी उतरवावेत.

आमची पसंती मात्र सायकलला लावतात त्या २४ व्होल्ट, २५० वॅटच्या गिअर मोटरला. तिचे फेरे गिअरमधून बाहेर येतानाच तीनशेच्या आसपास उतरलेले असतात. पुढे एकास दोनची पुली लावली की दीडशेवर काम आले. पट्ट्याचा आणखी एक गुण : तवा अडकला तर पट्टा सरकतो, मनगट मुरगळत नाही. सुरुवातीच्या हळू फेऱ्यांसाठी या मोटरचा कंट्रोलर उपयोगी पडतो. यूपीएसच्या १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या, तर तासाभराचे काम निघते. बॅटऱ्या दांड्यावर लादू नका. पिशवीत घालून बाजूला ठेवा. भिंतीलगतच्या कडा आणि कोपऱ्यांसाठी आठ इंची तवा करायचा असेल, तर भंगारातली गाडीची वायपर मोटरही चालते. तिचे फेरे पन्नासच्या आसपास असतात, पण जोर चांगला असतो.

बॅटरीच्या बाजूने आम्ही एवढे बोलतो, त्याला कारण आहे. ओल्या काँक्रीटवर, ओल्या गुडघ्यांनी, लोखंडी दांडा धरून बसलेल्या माणसाच्या हातात २३० व्होल्ट देणे आम्हाला मुळीच पसंत नाही. तशी वेळ आलीच, तर तीन पिनांची अर्थिंगची वायर आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी यांच्याशिवाय स्विच दाबू नये. बटणही असे हवे की हात सुटला की यंत्र थांबले.

बनवताना एक चूक हमखास होते : तवा थेट मोटरच्या शाफ्टवर बसवला जातो. मग कामगार जो दाब देतो, तो सगळा आतल्या गिअरवर जातो आणि काही दिवसांतच गिअर खरखरू लागतो. तव्याला स्वतःचा शाफ्ट आणि बेअरिंग द्यावे. मोटरने फक्त फिरवावे, भार सोसू नये. तव्याची कड जरा वर वळवावी, नाहीतर ती काँक्रीटमध्ये रुतते.

यंत्र हाती आले की घाईही येते. काँक्रीट बसल्यावर वर आलेले पाणी उडून जाईपर्यंत तवा टेकवू नये. उभे राहिल्यावर पावलाचा ठसा चार-पाच मिलिमीटरच उमटला, तर पहिला हात मारावा. ते पाणी आतच घोटले गेले तर कोबा आज आरशासारखा दिसतो आणि पुढे झाडू मारला की पांढरी भुकटी निघू लागते. गिऱ्हाईक राहिलेली रक्कम अडवून धरते ते नेमके तेव्हा, आणि 'यंत्राने केले होते' हे त्याला सांगून भागत नाही.